कनातीमागचा दणका

बीड जिल्ह्यात साऊंड ऐकायचा नसतो, मोजायचा असतो. हळदीचा दिवस ठरला की नवरदेवाचे मित्र साऊंडवाल्याकडे जातात आणि पहिला प्रश्न विचारतात तो 'किती बेस, किती टॉप?' हा. चार-चार म्हटलं की चेहरे पडतात, आठ-आठ म्हटलं की खिशातून इसार निघतो. साऊंड वाजतो कसा, हे विचारायची पद्धत नाही. विचारणारा एक तर मुलीकडचा असतो किंवा शिक्षक. वरातीच्या दिवशी गाडीवर रचलेली कॅबिनेटं गल्लीच्या तोंडाशी दिसली की पारावरून निकाल जाहीर होतो, "काय दणका हाय राव!" जनरेटर तेव्हा नुकता सुरू झालेला असतो आणि गाणं अजून लागायचं असतं. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवरचा टेप, सप्ताहाच्या मंडपातला भोंगा, गणपतीतला डीजे आणि नोकरदारांच्या कॉलनीतलं होम थिएटर, सगळीकडे निवाड्याची रीत हीच. माझं म्हणणं एवढंच आहे की आवाजाबद्दलची आपली बहुतेक मतं डोळा, किंमत आणि शेजारी मिळून ठरवतात; कान खाली फक्त सही करतो. हे खरं की खोटं ते ठरवायला विद्वान लागत नाहीत, मंडपवाल्याकडची एक कनात पुरते.

आधी वॉटचा हिशेब पाहू, कारण सगळी श्रद्धा त्यावर उभी आहे. वॉट म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला किती शक्ती देतो त्याचं माप. कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं नव्हे. शक्ती दुप्पट केली की आवाजात ३ डेसिबलची भर पडते, आणि ती 'जरा वाढला वाटतं' इतकीच जाणवते. आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. तेव्हा खालच्या आळीच्या मंडळानं १०,००० वॉट आणले म्हणून वरच्या आळीनं वर्गणी वाढवून २०,००० आणले, तर खरा फरक पडतो तो बॅनरवर आणि किराणा दुकानदाराच्या पावतीवर. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो. म्हणजे ज्याला जास्त ऐकायचं आहे त्यानं निम्मं अंतर पुढं सरकावं, चौपट वॉट फुकट पदरात पडतात. पण फुकटच्या वॉटचं बॅनर लावता येत नाही, ही अडचण. पीएमपीओ नावाच्या आकड्यानं तर या श्रद्धेची कमाल केली होती. सहा सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर '१००० वॉट पीएमपीओ' छापलेलं असे आणि घरात ते वाचून दाखवलं जाई. विहिरीवरची ५ हॉर्सपॉवरची मोटर पावणेचार किलोवॅटच्या आसपास असते. खोक्यावरचा आकडा खरा धरला तर असे चार टेपरेकॉर्डर एकत्र बांधून माजलगावच्या कालव्याचं पाणी रानात चढवता आलं असतं, आणि तेही लोडशेडिंगमध्ये. शेतकरी मोटरच्या पाटीवरचा आकडा पाण्याच्या धारेशी ताडून बघतो आणि फसवणूक झाली तर दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतो. तोच माणूस टेपच्या खोक्यावरचा आकडा विनातक्रार मानतो, कारण आवाजाची धार बादलीत धरता येत नाही.

ही काही मराठवाड्याची खासियत नाही. अमेरिकेतल्या हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी एक प्रयोग केला आणि १९९४ मध्ये तो मांडला. कंपनीच्याच ४० माणसांना चार स्पीकर ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ठेवून. समोर दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या, महागड्या स्पीकरांना भरघोस गुण पडले आणि प्लॅस्टिकच्या लहानग्याला कमी. पडदा पडला आणि मोठ्यांचा रुबाब उतरला, लहान्याला बरे दिवस आले. स्पीकरच्या धंद्यातच पोट असलेल्या माणसांची ही कथा, तर ज्याचं पोट फक्त वरातीच्या जेवणावर आहे त्यानं डोळ्यावर भाळलं तर काय बिघडलं? पण या प्रयोगातली खरी गंमत पुढं आहे. स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो. पडद्याआड ऐकताना हा फरक लोकांना कळत होता. स्पीकर दिसू लागले की त्याकडे दुर्लक्ष होत होतं. म्हणजे डोळा नसलेला फरक दाखवतो एवढंच नाही, असलेला फरक लपवतोही. खोटी साक्ष देणारा साक्षीदार परवडला. हा तर खऱ्या साक्षीदाराला कोर्टाच्या दारातूनच परत पाठवतो.

वाद्यांच्या बाबतीतही हेच. २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या व्हायोलिन स्पर्धेसाठी जमलेल्या २१ वादकांना क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारे जोसेफ कर्टिन यांनी हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन जुनी इटालियन, त्यातली दोन स्ट्रॅडिव्हरी या नामांकित कारागिराची, तीन नवीकोरी. वादकांच्या डोळ्यांना वेल्डिंगचे गॉगल, आणि जुन्या लाकडाचा वास ओळखता येऊ नये म्हणून हनुवटी टेकते तिथं अत्तराचा थेंब. निकाल असा लागला की सगळ्यात पसंत पडलेलं व्हायोलिन नव्यांपैकी होतं आणि सगळ्यात नापसंत ठरलेलं स्ट्रॅडिव्हरीचं. अत्तराच्या त्या थेंबाकडे लक्ष द्यावं. नाकसुद्धा कानाच्या कारभारात ढवळाढवळ करतं, हे ज्याला सुचलं त्याला माणसाची पारख होती. २०१३ मध्ये चिया-जुंग त्साय यांनी याच्याही पुढची मजल मारली. संगीत स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या तिघांमधून विजेता ओळखायला सांगितला. नुसता आवाज ऐकणाऱ्यांना तो ओळखता आला नाही. आवाज बंद करून नुसती चित्रफीत पाहणाऱ्यांना मात्र बऱ्यापैकी ओळखता आला, आणि त्यात अनाडी जसे होते तसे जाणकारही. मूळ परीक्षकांचा निकालही दिसण्यावरच झुकला असावा, असाच याचा अर्थ.

इथपर्यंत वाचून पुण्या-मुंबईचा हाय-फाय रसिक गालातल्या गालात हसत असेल. त्याच्या दिवाणखान्यात बेसची भिंत नाही. आहेत दोन नाजूक स्पीकर, काचेचे व्हॉल्व्ह आणि मनगटाएवढी जाड वायर. तो वॉट मोजत नाही. तो 'रंगमंचाची खोली', 'मधल्या सप्तकाची ऊब' आणि 'स्वरांमधली हवा' मोजतो, जी मोजता येत नाही म्हणून तिची किंमत कितीही लावता येते. त्याचीही परीक्षा झालेली आहे. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकानं १९८७ मध्ये दोन-अडीचशे डॉलरपासून १२,००० डॉलरपर्यंतचे सहा अ‍ॅम्प्लिफायर २५ जणांना ओळखायला दिले. निकाल नाणेफेकीच्या आसपास गेला. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणात साध्या सीडीच्या दर्जाची गाळणी गुपचूप घातली आणि ती केव्हा आहे, केव्हा नाही ते ओळखा म्हटलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर २७७ येतील अशी अपेक्षा धरतात. म्हणजे सोनेरी कानांनी नाण्याशी जवळपास बरोबरी साधली. गेवराईच्या पोराला आठ बेस दिसले की आवाज जड वाटतो आणि कोथरूडच्या काकांना लाखाचं बिल दिसलं की आवाज मखमली वाटतो. दोघांत फरक इतकाच की पोरानं साऊंड एका रात्रीपुरता भाड्यानं आणलेला असतो.

आता चाचणी घ्यायची कशी ते. परदेशात याला एबीएक्स म्हणतात. आधी 'अ' ऐकवायचा, मग 'ब', आणि मग 'क्ष'. हा क्ष या दोघांपैकी कोण, एवढंच सांगायचं. यासाठीचं यंत्र १९७० च्या दशकात मिशिगनमधल्या हौशी मंडळींनी बनवलं. त्यांच्या मंडळाचं नाव 'साउथईस्टर्न मिशिगन वूफर अँड ट्वीटर मार्चिंग सोसायटी'; ऐकून एखादी बँजो पार्टी वाटावी, पण त्यांच्यातल्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये या पद्धतीवर लिहिलेला निबंध आजही प्रमाण धरला जातो. बीडला यंत्राची गरज नाही. मैदानात कनात बांधावी, तिच्यामागे दोन्ही साऊंड ठेवावेत, एकच गाणं आधी दोन्हींवर ऐकवावं आणि मग क्ष म्हणून कोणता साऊंड लावायचा ते नाणं उडवून ठरवावं. असं १६ वेळा करावं. १६ पैकी १२ उत्तरं बरोबर आली तर मानावं की माणसाला खरंच कळतंय, कारण निव्वळ नशिबानं तेवढी बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी. एकच पथ्य कडक पाळायचं: जो बटण दाबतो तो ऐकणाऱ्यांना दिसता कामा नये, आणि जो ऐकणाऱ्यांसमोर उभा राहून उत्तरं लिहून घेतो त्यालाही कोण वाजतंय हे ठाऊक नसावं. कारण गुबुगुबु वाजवत दारात येणारा नंदीबैल आपण पाहिलेला आहे. 'यंदा पाऊस होईल का?' म्हटलं की तो मान डोलावतो. हवामानखात्याचं त्याला काही कळत नाही, मालकाच्या हाताचं सगळं कळतं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा असाच टाप आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. साऊंड विकणाऱ्याच्या दुकानात 'आता बघा हां फरक' असं तो म्हणतो तेव्हा मान डोलावणारे आपण कोण, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

पडद्याआडून ऐकणं ही परकी थेरं आहेत असं कुणी म्हणेल, तर तेही खरं नाही. डॉ. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीनं गायक-वादकांच्या ऑडिशनची घडी बसवली. कलाकार दिसू नये, त्याचं नाव कळू नये, परीक्षकांनी फक्त ऐकावं, ही त्यामागची कल्पना. परीक्षक मंडळाच्या प्रमुखपदी भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर होते. आधीपासून रेडिओवर गाणाऱ्या नामवंतांनाही या चाचणीला बसायला सांगितलं, तेव्हा मोठा गहजब झाला. निषेध झाले, बहिष्कार पडले. बहिष्कारामागची दुखरी नस समजण्यासारखी आहे. ज्याचं नाव घेताच सभा उठून उभी राहते, त्याला नाव दाराबाहेर काढून ठेवून आत जायला सांगितलं होतं. केसकरांच्या आवडीनिवडीबद्दल वाद आहेत आणि ते असू द्यावेत. पण ज्या परभणी, औरंगाबाद केंद्रांनी मराठवाड्याला गाणं ऐकायची सवय लावली, त्यांच्याकडे 'बी', 'बी हाय', 'ए' या श्रेण्या आल्या त्या याच परंपरेतून. तंबोऱ्यावर गाणाऱ्या माणसाला आपण पडद्याआड बसवू शकतो, तर लाकडी खोक्याला का नाही? खोक्याला तर मानापमानही नसतो. तो असतो खोकं विकत घेणाऱ्याला.

आता आक्षेप. पहिला, आणि आमच्याकडचा सगळ्यात जोरकस आक्षेप असा: 'बेस कानानं ऐकायचा नसतोच, छातीनं ऐकायचा असतो.' मान्य. पण चाचणीत डोळे झाकायला सांगितले आहेत, छाती नाही. कनातीतून बेस आरपार येतो. ज्याची छाती खरी जाणकार असेल तिनं १६ पैकी १२ वेळा सांगावं. दुसरा आक्षेप हाय-फाय रसिकांचा: परीक्षेच्या दडपणाखाली नाजूक फरक हरवतात. दडपण असतं हे खरं, पण हाच फरक काल दुकानात पाच मिनिटांत, चहा पिता पिता, 'रात्र आणि दिवसाइतका' स्पष्ट होता. दिवस-रात्र ओळखायला कुणाला दडपण येत नाही. शिवाय घाई कुणी केली आहे? यंत्र घरी न्यावं, महिनाभर ऐकावं, मग उत्तर द्यावं. फक्त खोक्याकडे बघू नये. तिसरा आक्षेप शहाणा आहे: फरक ओळखता आला नाही म्हणजे फरक नाही असं सिद्ध होत नाही. अगदी बरोबर. पण मग ज्याला तो फरक कळला नाही त्याच्याकडून त्याचे पैसे घेणंही सिद्ध होत नाही.

चौथ्या आक्षेपाला जास्त वेळ द्यायला हवा, कारण तो चाचण्यांवरचा सर्वसाधारण समज आहे: या चाचण्या म्हणजे 'सगळं सारखंच' असं सांगायचा डाव. तसं मुळीच नाही. स्पीकर-स्पीकरमध्ये मोठे फरक असतात आणि पडद्याआडही ते ठळक कळतात. ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये २६८ जणांची पसंती तपासली. त्यात शिकवून तयार केलेले १२ कान होते आणि बाकी वेगवेगळ्या थरांतले. चांगला कोणता, वाईट कोणता, याबद्दल तयार आणि बिनतयार कानांचं मत मोठ्या प्रमाणात जुळलं. तयार कान फक्त आपल्या मताला जास्त पक्के निघाले. म्हणजे दिलासा दोन्हीकडे आहे. तालमीला अर्थ आहे, आणि ज्याची तालीम झाली नाही त्या माणसालाही चांगलं ऐकू येतं, फक्त त्याला आधी आकडा आणि किंमत सांगू नये. कनात कुणाच्या कानाचा अपमान करत नाही. उलट डोळ्याला गप्प बसवून कानाला पहिल्यांदा बोलू देते. राहिला शेवटचा आक्षेप: 'बघण्यातही आनंद असतोच की.' असतो आणि असावा. रंगीत लाईट, धूर, गाडीवरची भिंत, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरच्या झुली, यांवर खर्च करायला हरकत कसली? बिलावर तसं लिहावं एवढंच: दिसण्याचे इतके, वाजण्याचे इतके. हिशेब असा वेगळा झाला की पहिला आकडा पाहून मंडळाचे खजिनदार नक्की खाली बसतील.

या सगळ्यात एक चोर अजून पकडायचा राहिला, आणि तो डोळ्यापेक्षा बिलंदर आहे. दोन साऊंडांपैकी जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. याचं एक कारण बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलं: हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आवाज चढवला की तो भरून येतो. म्हणून गंभीर चाचणीत दोन्ही बाजूंचा आवाज डेसिबलच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जुळवून घेतात. नाही तर ती चाचणी साऊंडची नसून बटणाची ठरते. चौकात दोन मंडळांच्या गाड्या समोरासमोर येतात तेव्हा नेमकं हेच घडतं. एकानं बटण एक घर चढवलं की तो सरस ठरतो, मग दुसरा दोन घरं चढवतो. दर्जाची स्पर्धा म्हणून सुरू झालेला हा सामना तिसऱ्या गाण्याला निव्वळ बटणाची कुस्ती होतो. वर तासभर अशा आवाजात उभं राहिलं की कान काही काळ बधिर होतो, म्हणजे निकालाच्या वेळेला परीक्षकच शुद्धीवर नसतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात आणि रात्री दहानंतर भोंगा बंद करायला लावतात. साऊंडवाले आणि मंडळं या नियमांकडे रंगाचा बेरंग करणारे म्हणून बघतात. पण चाचणीच्या नजरेनं पाहिलं तर दोन्ही पैलवानांना एकाच वजनगटात उभं करणारा, सगळ्यांना सारखा आवाज लावणारा पंच फुकट मिळाला आहे. सारख्या आवाजात कुणाचा खर्ज स्वच्छ, कुणाचे शब्द कळतात, कुणाचं टॉप कानाला बोचतं, हे लगेच उघडं पडतं. चांगल्या साऊंडवाल्यानं तर या नियमाच्या बाजूनं मोर्चा काढायला हवा. गरज फक्त वाईट साऊंडवाल्याला आवाज वाढवायची असते.

म्हणून प्रस्ताव साधा आहे. जिल्ह्यात कोणत्या ना कोणत्या मंडळानं यंदा साऊंडची स्पर्धा ठेवावीच. कनात मंडपवाल्याकडे आहे, डेसिबल मोजायचं ॲप फोनवर मिळतं आणि ते अगदी काटेकोर नसलं तरी दोन्ही साऊंडांना सारखंच चुकेल. नाणं उडवायला गावातला सगळ्यात निर्विकार माणूस बसवावा. पाहुण्या पुढाऱ्याला नारळ फोडू द्यावा, पण कनातीमागे जाऊ देऊ नये, कारण परत येताना त्याचा चेहराच निकाल सांगेल. आपला साऊंड जिल्ह्यात एक नंबर आहे म्हणणाऱ्यानं तो पडद्याआडून, सारख्या आवाजात दाखवून द्यावा. दाखवला तर त्याला फेटा बांधू, हलगी लावून मिरवणूक काढू. नाही दाखवता आला, तर भाडं कमी करण्याचा आग्रह नाही. आवाज तेवढा कमी करावा.